तेल संपलं की लागणारा दिवा

देवघरातला दिवा तेल संपलं की विझतो. मोटारीतला दिवा तेल संपलं की लागतो. दोन दिव्यांच्या स्वभावातला हा फरक आपल्या लोकांच्या अजून नीट लक्षात आलेला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. दिवा लागला की हात जोडायचे, ही आपली लहानपणापासूनची सवय. डॅशबोर्डवर तांबडा दिवा लागला तरी आपण मनातल्या मनात हातच जोडतो. गॅरेजमधले उस्ताद तेवढे भाविक नसतात. त्यांचा एक हात डॅशबोर्डच्या पोटात शिरतो, जरा चाचपतो आणि दिव्याची वायर उपटून बाहेर येतो. ‘झालं काम!’

माझा हा लेख त्या हाताच्या विरोधात आहे.

आता कुणी विचारील, की बँकेतल्या कारकुनानं इंजिनात नाक का खुपसावं? प्रश्न रास्त आहे. मी बी.कॉम. आहे. सायकलची चेन पडली तरी मी शेजारच्या मुलाला हाक मारतो. पण ज्याला नावे-जमा कळतं, त्याला इंजिनातलं तेल कळायला काहीच हरकत नाही. दोन्हीकडे प्रश्न एकच असतो: निघालं किती, पोचलं किती आणि मधल्या मधे गेलं कुठं?

माझ्या या ज्ञानाचं मूळ आमच्या सासऱ्यांच्या अँबॅसडरमध्ये आहे. मार्क टू, साल १९७२. अँबॅसडर म्हणजे मूळची विलायतेतली मॉरिस ऑक्सफर्ड. बंगालमध्ये उत्तरपाड्याला आली आणि तिथं २०१४ सालापर्यंत जन्म घेत राहिली. तिचं १४८९ सी.सी.चं इंजिनही विलायती घराण्यातलं, बी.एम.सी.च्या ‘बी’ मालिकेतलं. याच मापाचं याच घराण्यातलं इंजिन १९५५ साली इंग्लंडमध्ये एम.जी.ए. नावाच्या स्पोर्ट्स गाडीत बसवलं होतं. हे कळल्यापासून आमचे सासरे साताऱ्याच्या बाजारातून कोथिंबीर आणायला जातानासुद्धा शर्यतीला निघाल्यासारखे बसतात.

त्यात २०२१ साली केंद्र सरकारनं पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी द्यायचे नियम केले. गाडी पन्नाशीला टेकली होती. सासऱ्यांनी ठरवलं, की नोंदणी करायची तर इंजिन आधी नव्यासारखं करायचं. २०२२ सालच्या उन्हाळ्यात गाडी एका गॅरेजात गेली आणि तिचं ‘फुल इंजिन काम’ झालं. बोअर केलं, पिस्टन-रिंगा नव्या, क्रँक ग्राइंड केला, बेअरिंगं नवी, व्हॉल्व्ह घासले, वरून निळा रंग मारला. बिल दोन पानी आलं. त्यात पिस्टनपासून चिंधीपर्यंत सगळं होतं. नव्हता तो एकच आकडा: काय मोजलं आणि किती भरलं.

गाडी घरी आली. वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीला गेलो. घाट तिनं झकास चढला. वर चहाच्या टपरीपाशी इंजिन हळू चालत उभं असताना तांबडा दिवा मिचमिचायला लागला. शिवाय वरच्या झाकणाखालून शिवणयंत्रासारखा टिकटिक आवाज येत होता. रेस केली की दिवा जाई, सोडली की परत येई. सासरे म्हणाले, “जावईबापू, हा डोळा मारतोय.” पाणी काढून पट्टी पाहिली, तर तेल बरोबर वरच्या खुणेला!

इथं जरा थांबून दिव्याची बाजू मांडतो, कारण त्याचं वकीलपत्र कुणी घेत नाही. हा दिवा तेलाची पातळी सांगत नाही. तो दाब सांगतो. पाच-सात पाउंडांच्या खाली दाब गेला की लागतो. म्हणजे चेंबरमध्ये गच्च तेल असूनही तो लागू शकतो. बँकेत पैसा आहे, पण तुमच्या हाती पोचत नाही, अशातला तो प्रकार. आणि तो लागतो तेव्हा अडचण सुरू झालेली नसते, ती बरीच पुढं गेलेली असते. पन्नास पाउंड असावा तिथं वीस असला तरी हा दिवा शांत राहतो. दिवा म्हणजे पहिली नोटीस नव्हे, जप्तीची नोटीस!

ही नोटीस घेऊन आम्ही उस्तादांकडे गेलो. त्यांनी एकामागून एक चार सिद्धांत सांगितले. हे चार सिद्धांत तुम्हांला कुठल्याही गावच्या कुठल्याही गॅरेजात ऐकायला मिळतील, म्हणून त्या एका माणसावर माझा राग नाही. माझा राग सिद्धांतांवर आहे.

सिद्धांत पहिला: “आण्णा, दिवाच खोटा हाय. वायर काढून टाका.”

दिवा खोटा असू शकतो, हे मी मान्य करतो. त्याचं स्विच बिघडतं, वायर कुठं तरी टेकते. पण साक्षीदार खोटं बोलतोय असं वाटलं तर उलटतपासणी करायची असते, त्याचा गळा दाबायचा नसतो. ती उलटतपासणी अगदी सोपी आहे. स्विच काढायचं आणि त्याच भोकात दाब मोजायचं घड्याळ बसवायचं. घड्याळाला वायर नाही, बल्ब नाही. काटा दाखवील ते खरं. हे काम दहा-पंधरा मिनिटांचं. पण वायर काढायला दहा-पंधरा सेकंद लागतात, आणि आपल्या देशात घाईला नेहमी अक्कल समजलं जातं.

सिद्धांत दुसरा: “इंजिन नवं हाय. अजून बसलेलं नाही. हजारभर किलोमीटर पळवा, आपोआप बसंल.”

हा सिद्धांत फार गोड आहे, कारण त्यात कुणालाच काही करायचं नसतं. नव्या इंजिनात रिंगा सिलिंडरला घासून बसतात, हे खरं. पण बेअरिंगमधली फट चालवून कमी झाली, असं पृथ्वीच्या पाठीवर कधी घडलेलं नाही. वापरानं फट वाढतेच. कर्जाचं व्याज आपोआप उतरेल म्हणून हप्ते थांबवणाऱ्याला आम्ही बँकेत काय म्हणतो, ते इथं छापता येणार नाही.

सिद्धांत तिसरा: “जुन्या गाडीला एवढं चालतंच.”

गाडी जुनी होती, म्हणून तर इंजिन नवं केलं ना? बिल देताना इंजिन ‘एकदम नवं’ आणि तक्रार घेऊन गेलं की गाडी ‘जुनी’! पेन्शनरला सवलत मागताना म्हातारा आणि रांगेत उभं करताना तरुण समजण्यातलाच हा न्याय आहे.

सिद्धांत चौथा, आणि हाच सर्वांचा बाप: “जाड ऑइल टाका!”

या चौथ्या सिद्धांताला मी सगळ्यांत जास्त भितो, कारण तो पहिल्या तिघांसारखा नुसता थाप नाही. तो लागू पडतो! जाड तेल घातलं की दाब खरोखर वाढतो, दिवा खरोखर विझतो, उस्ताद खरोखर शहाणा ठरतो आणि इंजिन खरोखर मरायला लागतं.

कसं, ते सांगतो. इंजिनातला तेलाचा पंप दाब तयार करत नाही. तो फक्त तेल ढकलतो. पुढं जाताना त्या तेलाला जी अडचण होते, तिचं नाव दाब. बागेतल्या नळीच्या तोंडावर अंगठा ठेवला की पाणी जोरात उडतं. पण बादली त्यामुळं लवकर भरते का? उलट उशिरा भरते. जाड तेल म्हणजे हा अंगठा. काटा वर चढतो, पण पलीकडे तेल कमी जातं. आणि बेअरिंगला काट्याशी देणंघेणं नसतं, तेलाशी असतं. चालू इंजिनात क्रँक आणि बेअरिंग एकमेकांना शिवत नाहीत. मधे तेलाचा पापुद्रा असतो, आमच्या कौंटरवर गिऱ्हाईक आणि कारकून यांच्यामधे काच असते तसा. तो पापुद्रा आहे तोवर दोघंही सुरक्षित. तो गेला की धातूवर धातू!

आमच्या उस्तादांनी तर जाडपणाची कमाल केली. “गियर बॉक्समधलं नव्वद नंबरचं मिसळतो,” म्हणाले. पन्नासपेक्षा नव्वद मोठा, हे पहिलीतल्या पोरालाही कळतं. पण गियर ऑइलचे नंबर आणि इंजिन ऑइलचे नंबर या दोन वेगळ्या मोजपट्ट्या आहेत. गरम झाल्यावर गियरचं नव्वद नंबरचं तेल इंजिनाच्या चाळीस-पन्नास नंबरच्या तेलाइतपतच जाड असतं. डब्यावर ‘२०डब्ल्यू-५०’ लिहिलेलं असतं, त्यातला पन्नास हा शंभर अंश सेल्सियस तपमानाला तेल किती जाड राहतं त्याचा दर्जा, आणि डब्ल्यू म्हणजे हिवाळा. म्हणजे नव्वद मिसळून फारसा जाडपणा मिळत नाहीच. मिळतं ते इंजिनासाठी न बनवलेलं तेल. रुपये आणि आणे यांची बेरीज करणाऱ्या माणसाला आम्ही कॅशवर बसवत नाही. इंजिनावर मात्र तो बिनदिक्कत बसतो.

आमच्या धंद्यात या जाड तेलाला एक नाव आहे: सस्पेन्स खातं. हिशेबात फरक आला आणि सापडेना, की तो तात्पुरता सस्पेन्सला टाकतात. ट्रायल बॅलन्स जुळतो. घरी जायला मिळतं. पण सस्पेन्सला टाकलेला फरक म्हणजे सापडलेला फरक, असं समजणारा माणूस ऑडिटच्या दिवशी भेटावा! शिवाय ट्रायल बॅलन्स जुळला म्हणजे हिशेब बरोबर, असंही नाही, हे बी.कॉम.च्या पहिल्याच वर्षी शिकवतात. दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि बेरीज बिनचूक येते. इंजिनातही हेच. एखादी तेलाची वाट कुठं बुजली असेल तर दाब कमी होत नाही, वाढतो! काटा पन्नासवर डुलतोय आणि बुजलेल्या वाटेपलीकडचा भाग उपाशी मरतोय, असं होऊ शकतं.

तर उस्तादांनी जाड तेल घातलं. दिवा विझला. पंधरा दिवस घरात आनंदीआनंद. मग दिवा परत आला, आणि टिकटिक तर गेलीच नव्हती.

२०२३ च्या जानेवारीत गाडी कऱ्हाडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली. एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी आल्या आल्या कानाला स्क्रूड्रायव्हर लावला नाही, ‘कुणी हात लावला होता याला?’ असं विचारलं नाही. त्यांनी वही काढली. वरती तारीख घातली. मला तो माणूस तिथंच आवडला.

आधी पट्टी पाहिली. मग जाड तेल काढून नेहमीचं २०डब्ल्यू-५० भरलं. मग दिव्याच्या स्विचच्या जागी घड्याळ. थंड इंजिनाला पंचावन्न पाउंड. अर्धा तास गाडी फिरवून आणली: पळताना वीस, उभ्यानं सहा. वहीत तीन आकडे. “हजार फेऱ्यांना दहा पाउंड, हा ढोबळ हिशेब,” मिस्त्री म्हणाले. “ही अर्ध्यावर आहे. दिवा खरं बोलत होता.” त्या दिव्याची अब्रू अशी सहा महिन्यांनी परत मिळाली.

मग सोप्याकडून अवघडाकडे. या इंजिनाच्या डाव्या बाजूला मागं एक घुमटासारखा नट असतो. त्याच्या आत स्प्रिंग आणि व्हॉल्व्ह. दाब फाजील वाढला तर हा व्हॉल्व्ह उघडतो आणि जादा तेल परत चेंबरमध्ये सोडतो. चेंबर न उतरवता ही तपासणी होते, म्हणून ती आधी. नट खोलला. व्हॉल्व्हच्या बैठकीवर धातूचा चुरा! दार किलकिलं राहिलं होतं आणि तेल चोवीस तास परत जात होतं. एक चोर सापडला.

आमचे सासरे लगेच उठले. “चला, सापडलं!”

“बसा आण्णा,” मिस्त्री म्हणाले. “हा चुरा आला कुठनं?”

याला म्हणतात ऑडिटर! अफरातफरीची एक पावती सापडली की पोलीस खूश होतात. ऑडिटर पावतीपुस्तक मागतो. चेंबर उतरवलं. पंपाच्या जाळीत पॅकिंगला थापलेल्या सिलिकॉन पेस्टचे तुकडे अडकले होते. बेअरिंगांवर बारीक ओरखडे. क्रँक ग्राइंड केल्यावर त्याच्या आतली तेलाची भोकं कुणी धुतलीच नव्हती. ग्राइंडिंगचा कीस तेलाबरोबर घरभर फिरला होता. मग मिस्त्रींनी प्रत्येक बेअरिंगमध्ये प्लास्टिगेजचा धागा ठेवला. मेणासारखा हा धागा कॅप आवळली की चपटा होतो आणि त्याच्या रुंदीवरून फट कळते. एका इंचाचे हजार भाग केले तर त्यातल्या एकाला लेथवाले एक थाऊ म्हणतात. दोन इंची शाफ्टला साधारण दोन थाऊ फट हवी; माणसाच्या केसापेक्षा कमी. मधल्या बेअरिंगला निघाली चार.

“म्हणजे दोनच थाऊ जास्त!” सासरे म्हणाले.

दोनच! वाचकहो, इथं कॉमर्सवाल्यानं नीट ऐकावं. फट दुप्पट झाली तर तिच्यातून तेल दुप्पट जात नाही, आठपट जातं. दोन गुणिले दोन गुणिले दोन. चक्रवाढ व्याजसुद्धा याच्यापुढं सज्जन वाटावं. मधल्या बेअरिंगनं आठांचं जेवण जेवायचं आणि शेवटच्या पंगतीला पातेलं खरवडायचं, असा तो प्रकार. शेवटची पंगत म्हणजे वरचे रॉकर. तिथवर तेल सगळ्यांत उशिरा पोचतं. आमच्या गाडीत तर तेही पोचत नव्हतं, कारण तेल वर येण्याच्या भोकावरच पेस्टचा गोळा बसला होता. म्हणून ती टिकटिक. ‘नवं आहे, बसेल’ म्हणून सांगितलेली टिकटिक!

पुढचं सांगणं थोडक्यात आटपतो. क्रँक पुढच्या मापाला ग्राइंड केला, पण या वेळी मिस्त्री मायक्रोमीटर घेऊन लेथवाल्याच्या शेजारी बसले. भोकांत लांब ब्रश घालून रॉकेलनं धुतली, काळं पाणी स्वच्छ होईपर्यंत. बेअरिंगं नवी. स्प्रिंग आणि व्हॉल्व्ह नवे. पंपाच्या आतली फट पात्यांनी मोजली, ती ठीक होती, म्हणून पंप बदलला नाही. ‘बदलायला नको होता म्हणून बदलला नाही’ हे वाक्य गॅरेजमध्ये मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. पंपात व्हॅसलिन भरलं, म्हणजे कोरडा पंप पहिल्याच फेरीला तेल ओढतो. स्पार्क प्लग काढले आणि अँबॅसडरच्या त्या जुन्या हँडलनं इंजिन हातानं फिरवत राहिले. घड्याळाचा काटा हलेपर्यंत आणि प्रत्येक रॉकरवर तेल दिसेपर्यंत कुणी चावीला हात लावायचा नव्हता. नवीन बांधलेलं इंजिन पहिल्या मिनिटातच कोरडं फिरलं तर नवी बेअरिंगं तिथंच जातात. मग पुढची वीस वर्षं कितीही उंची तेल ओता. शेवटी गरम इंजिनाला उभ्यानं अठरा, पळताना पन्नास. तेही वहीत.

आता मुद्द्यावर येतो. मिस्त्रींनी दिलेल्या बिलात एक ओळ होती: ‘तपासणी व मोजमाप, दोन दिवस’ आणि पुढं रक्कम. बाकी सगळं बिल सासऱ्यांनी निमूटपणे मान्य केलं. त्या एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, “मिस्त्री, नुसतं बघण्याचे पैसे?”

इथं उस्तादांच्या बाजूनंही बोललं पाहिजे. वायर काढणारा हात उस्तादांचा असतो, पण तो हात आपण गिऱ्हाइकांनी घडवलेला आहे. आपण पार्टला पैसे देतो, कारण पार्ट पिशवीत दिसतो. मोजण्याला देत नाही, कारण मोजणं दिसत नाही. दोन दिवस बघून ‘पंप ठीक आहे’ सांगणाऱ्याला आपण लुटारू म्हणतो आणि न बघता पंप बदलणाऱ्याला कारागीर. मग कोण बघेल? पोट प्रत्येकाला आहे. जो माणूस मोजतो त्याच्याकडे एक गाडी होते, न मोजणाऱ्याकडे पाच. असंच चाललं तर मोजणारे एकेक करून निवृत्त होतील, आणि त्यांच्याबरोबर ही जुनी इंजिनं कशी जगवायची याची विद्याही. मागं राहतील निळा रंग मारलेली इंजिनं आणि वायर काढलेले दिवे.

म्हणून माझी मागणी अगदी कारकुनी आहे. इंजिन बांधून घेतलंत, तर बिलाबरोबर एक कागद मागा. प्रत्येक बेअरिंगची फट किती, थंड असताना दाब किती, गरम झाल्यावर उभ्यानं किती, पळताना किती, तेल कुठलं. सहा-सात आकडे आणि खाली सही. कागद मिळणार नसेल तर तिथं इंजिन देऊ नका. आणि मिळाला, तर त्या मोजण्याच्या ओळीवर घासाघीस करू नका. हवी तर रंगावर करा. आम्ही शंभर रुपये भरायला आलेल्या माणसाकडूनसुद्धा स्लिप भरून घेतो. लाखाच्या घरातलं काम तोंडी बोलीवर सोडून यायचं म्हणजे काय?

सासऱ्यांनी ती ओळ शेवटी चुकती केली. कटकट करून, पण पूर्ण. मिस्त्रींनी वहीतलं पान फाडून दिलं. ते त्यांनी आर.सी. बुकाच्या प्लॅस्टिकमध्ये ठेवलंय आणि आल्यागेल्याला दाखवतात. परवा शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, “अण्णा, गरम झाल्यावर अठरा म्हणजे चांगलं का वाईट हो?” सासऱ्यांनी त्यांना उभ्याउभ्या पाऊण तास सांगितलं. शेजारी पाऊण तासानं गेले ते थेट स्वतःच्या गाडीकडे, बॉनेट उघडायला.